मोठ्या कॉलेजांचीच चांदी होईल असं नाही

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पैशामुळे ड्यूक, केंटकीसारखी आधीच दादा असलेली कॉलेजंच अजून मोठी होणार हा तुमचा मुद्दा अर्धाच पटला. जुलै २०२१ ला कॉलेज प्लेयर्सना स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरे करून) कमवायची परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी नायजेल पॅक नावाचा प्लेयर कॅन्सस स्टेट कॉलेज सोडून मायामी कॉलेजला गेला, तिथल्या जॉन रुईझ नावाच्या उद्योगपतीने तर दोन वर्षांचे ८ लाख डॉलर आणि वर एक गाडी असा सौदा स्वतःच ट्विटरवर जाहीर करून टाकला! लगेच मायामीच्याच टीममधल्या आयझाया वाँगचा एजंट म्हणे आमचेही वाढवा नाहीतर निघालो (गेला नाही शेवटी). आणि २०२३ ला हीच मायामी पहिल्यांदा फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार टीममध्ये.

खरी गोची झालीये ती बारावीतल्या मधल्या फळीच्या पोरांची. ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या प्लेयर्सची यादी) तयार प्लेयर मिळत असेल तर कोच कच्च्या पोराला घडवत कशाला बसेल?

आणि २०२५ पासून कॉलेजं स्वतःच प्लेयर्सना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, पण ती सगळ्या खेळांत मिळून, त्यातला मोठा घास (अमेरिकन) फुटबॉल खातो. त्यामुळे फुटबॉल टीमच नसलेल्या सेंट जॉन्ससारख्या कॉलेजांचं बास्केटबॉलमध्ये उलट फावणार असं मला तरी वाटतं.