शकुंतलेला बॅटरीचा डबा लावा, ब्रॉडगेजची वाट पाहणं पुरे

दारव्हेकर :
आजीचं माहेर बनोसा, सासर दारव्हा. दोन्ही शकुंतलेवर, म्हणजे विदर्भातल्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या लाईनवर. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर, तिथे गाडी बदलायची, पुढे यवतमाळपर्यंत ११३. तिकीट गार्डच द्यायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पार झाली की उघडून परत चढायचा. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं, मग काहीच नाही.

२०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ही लाईन ब्रॉडगेज, म्हणजे नेहमीच्या रुंद रुळांची, करायची घोषणा झाली. घोषणा किती वर्षं मुरते ते यवतमाळकरांना विचारा. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरची लाईन २००८-०९ ची. वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी आली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये.

म्हणून माझं म्हणणं : गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तेच ठेवा, अडीच फुटी. वर विजेची तारही नको. बॅटरीवर चालणारा एक-दोन डब्यांचा हलका रेलकार टाका. पश्चिम जर्मनीत १९५५ पासून असे डबे शिशाच्या जड बॅटऱ्यांवर खेड्यापाड्यांच्या लाईनवर धावत होते, थेट १९९५ पर्यंत. ऑस्ट्रेलियात बायरन बे इथे जुन्याच डब्याला बॅटरी बसवली, टपावर सौर पॅनेल लावले, २०१७ पासून चालू आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्याला रबरी टायरच्या मानाने ओढ फारच कमी लागते. ब्रेक लावला की मोटर उलटी जनित्र होते आणि थोडी वीज परत मिळते. माझा ढोबळ हिशोब : किलोमीटरला दोन युनिट धरले तरी यवतमाळपर्यंत सव्वादोनशे युनिट. मोठ्या ई-बसमध्ये साधारण तेवढीच बॅटरी असते.

सोयाबीनवाला :
भाऊ, लिवलं झकास. पण चार्जिंग कुठी करसान? आमच्या वावरातल्या मोटरीले आठ घंटे लाईन, तेबी अर्ध्या रात्री. तुमची गाडी लिंगा गावाच्या ठेसनावर बसून राहीन बाप्पा, अन् लोकं उतरून धक्का मारतीन.

दारव्हेकर :
@सोयाबीनवाला गावातल्या लाईनवर नाहीच करायची. मूर्तिजापूर मुंबई-हावडा मेन लाईनवर आहे, तिथे २५ हजार व्होल्टची रेल्वेची स्वतःची तार आहे. तिथून भरायची.

रिटायर फिटर :
बॅटरी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मी उभी हयात चाकं आणि ब्रेक बघितले, म्हणून सांगतो. गाडी बंद पडली ती इंजिनामुळे नाही, रुळामुळे. स्लीपर कुजलेले, गिट्टी मातीत गेलेली आणि खाली आपली काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. त्यावर रूळ एका पातळीत ठेवायचा तर खालचा भराव नव्याने करावा लागतो. पूल इंग्रजांच्या काळातले, आज किती भार पेलतील ते तपासल्याशिवाय कोणी सही करणार नाही. म्हणजे भराव नवा, पूल नवे, रूळ नवे. एवढा खर्च करून गेज मात्र जुनं? मग ब्रॉडगेजच का नको? ७६२ मिलिमीटरच्या गाडीचा एक ब्रेकब्लॉक हवा तरी वेगळा बनवून घ्यावा लागतो. कालका-शिमल्याला ते परवडतं, तिथे पर्यटक पैसे मोजतात. लाडखेडला कोण मोजणार?

आणि तुमचं ते बायरन बे. लाईन किती आहे ती? ३ किलोमीटर! तेही लिहायचं होतं ना.

दारव्हेकर :
३ किलोमीटरचं मान्य, लिहायला हवं होतं. पण ब्रॉडगेजला वळणं मोठी लागतात, जमीन जास्त लागते, म्हणजे पुन्हा भूसंपादन आणि पुन्हा कोर्ट. अडीच फुटी लाईनची जागा तरी हातात आहे.

रिटायर फिटर :
हातात कुठली? किलिक निक्सन या खाजगी कंपनीची लाईन ती. राष्ट्रीयीकरणातून सुटली म्हणून वर्षानुवर्षं कराराचं घोंगडं भिजत पडलं. आधी कागद मोकळे करा, मग बॅटरी.

एसटीचा पास :
मला एक कळत नाही. बॅटरी तेवढीच लागणार असेल तर ई-बसच का नको? महामंडळाची ई-शिवाई २०२२ मध्ये पुणे-नगर सुरू झाली. रस्ता आयता आहे. बस गावात शिरते, शाळेपाशी थांबते. शकुंतलेची कितीतरी स्टेशनं गावापासून दूर, शिवारात. माझी आई दवाखान्यात जायला ऑटो करून स्टेशनवर जाणार, तिथून गाडी, उतरून पुन्हा ऑटो? ती बसलाच हात दाखवेल. हे आजीच्या आठवणींचं प्रकरण आहे, वाहतुकीचं नाही.

सोयाबीनवाला :
बसले हात दाखवते खरी, पण बस थांबते काय? आमच्या फाट्यावर तं भरधाव निंगून जाते.

चांद्याची राख :
तुमचं सगळं रुळावर चाललंय, मी धुराड्यावर बोलतो. मूर्तिजापूरच्या तारेत वीज येते कुठून? आमचं चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं, शिवाय कोराडी, खापरखेडा. मुंबईची लोकल धूर सोडत नाही म्हणून कौतुक. तिच्या विजेची राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. तार काय, बॅटरी काय, वीज कोळशाची असेल तर फरक एवढाच की धूर दुसऱ्याच्या गावात.

आणि खरी गंमत पुढे आहे. रेल्वे जेवढा माल वाहते त्यात वजनाने जवळपास निम्मा कोळसा. मालाच्या भाड्यातून जी कमाई होते तिच्यावर पॅसेंजर गाडीचं स्वस्त तिकीट निघतं. उद्या देश सौर विजेवर गेला तर घुग्घुस-वणीच्या खाणींतून कोळसा नेणाऱ्या मालगाड्या कमी होणार. मग तुमची दहा-वीस रुपयांची तिकिटं कोण भरणार? रेल्वे हिरवी करायची म्हणजे रेल्वेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घालवायचं. याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. बॅटरी कुठली बसवायची हा त्यापुढे किरकोळ प्रश्न आहे.

दारव्हेकर :
@चांद्याची राख राखेबद्दल वाद नाही. पण मध्य प्रदेशात बीनाला २०२० पासून १.७ मेगावॉटचा सौर प्रकल्प थेट रेल्वेच्या तारेला जोडलेला आहे. मूर्तिजापूरच्या यार्डात तसं का होऊ नये? ऊन तर आपल्याकडे फुकट, मे महिन्यात नको म्हटलं तरी ४५ अंश.

रिटायर फिटर :
त्याच ४५ अंशात बॅटरी थंड ठेवायला वीज लागते, तीही हिशोबात धरा.

वरूडचा संत्रा :
कोळशाच्या जागी काय वाहणार विचारता? आमचा संत्रा घ्या. २०२० मध्ये किसान रेल निघाली तेव्हा इथला माल दिल्लीपर्यंत गेला. नरखेड-अमरावती लाईनवर आमचं ‘वरूड ऑरेंज सिटी’ नावाचं स्टेशनच आहे. पण ती लाईन ब्रॉडगेज आहे म्हणून! छोट्या गेजवर मूर्तिजापुरात क्रेट उतरवा, पुन्हा चढवा. दोनदा हमाली, दोनदा आपटणं. संत्र्याला एकदा मार लागला की दिल्लीत पेटी उघडेपर्यंत पाणी सुटलेलं असतं. माणूस स्वतःच्या पायाने गाडी बदलतो, फळ बदलत नाही. माझं मत ब्रॉडगेजला, उशिरा आली तरी.

दारव्हेकर :
हमालीचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे तोड नाही. मालासाठी ब्रॉडगेज हवीच. मग मी मागणी लहान करतो : ती येईपर्यंत फक्त मूर्तिजापूर ते कारंजा, फक्त माणसांसाठी, एक रेलकार. फिटरसाहेब, एवढ्या तुकड्यातले पूल नुसते डोळ्यांनी पाहून काही सांगता येईल का? रविवारी मी रुळाच्या कडेने चालत जायचं म्हणतोय.

रिटायर फिटर :
डोळ्यांनी नाही, हातोडीने. रिव्हेट ठोकून आवाज ऐकावा लागतो. येतो मी. सकाळी सहाला निघू, दहानंतर चालवणार नाही.

सोयाबीनवाला :
मीबी येतो. तुमी पायदळ जा, म्या पाण्याची कॅन घेऊन फटफटीनं मागून येतो.