ईएलपी-झेडने अँटीबॉडी शुद्ध करताना निम्मी हरवते, मदत हवी आहे

बर्डीवाला: सीएचओ (हॅमस्टरच्या पेशी) कल्चरमधून आयजीजी1 ही अँटीबॉडी काढायची आहे. प्रोटीन ए रेझिन (अँटीबॉडी पकडणारे नेहमीचे मणी) परवडत नाही, म्हणून ईएलपी-झेड वापरतो आहोत: ईएलपी म्हणजे गरम झालं की साका धरणारं, थंडीत विरघळणारं प्रोटीन, त्याला जोडलेला झेड हा अँटीबॉडी पकडणारा भाग (ईएलपीच्या 80 पुनरावृत्ती, पीबीएस या खारट बफरमध्ये ट्रान्झिशन, म्हणजे साका धरण्याचं तापमान, 33 अंश). कल्चरमध्ये मिसळून 0.3 मोलर अमोनियम सल्फेट (ट्रान्झिशन खाली आणणारं मीठ), 37 अंश, सेंट्रिफ्यूजमध्ये 15,000 जी वर 10 मिनिटं स्पिन. अँटीबॉडी सुटावी म्हणून पेलेट (तळाचा साका) 0.1 मोलर सायट्रेट, पीएच 3.2 मध्ये, पुन्हा तितकंच सल्फेट, 37 अंश, स्पिन. वरचं द्रव ट्रिस बफरने उदासीन करतो. हाती 45 टक्केच येऊन राहिलं, तेही गढूळ. नागपूरचा मे, खोलीत फक्त कूलर.

थंडपेलेट: भाऊ, आधी खोलीचं तापमान मोजा. 38 असेल तर सल्फेट घालण्याआधीच ईएलपी साका धरतं आणि झेड आत दडतं. मिसळणं बर्फावरच, 30 मिनिटं. प्रमाणही तपासा: ईएलपी-झेड सुमारे 40 किलोडाल्टन, अँटीबॉडी 150, अँटीबॉडीच्या एका मोलला ईएलपी-झेड चार मोल, म्हणजे 1 मिग्रॅ अँटीबॉडीला साधारण 1.1 मिग्रॅ ईएलपी-झेड.

पण खरा घात दुसऱ्या स्पिनला होतो असं वाटतं. आम्ल, मीठ आणि ऊब एकत्र आली की अँटीबॉडीच गोळा होते. शेवटचा पेलेट थंड पीबीएसमध्ये 4 अंशाला तासभर ठेवा. विरघळला तर ते ईएलपी. गढूळ राहिला तर ती बिघडलेली अँटीबॉडी, ती परत मिळणार नाही.

बर्डीवाला: गढूळच राहिला.

थंडपेलेट: मग पीएच 3.5 घ्या, अँटीबॉडी सुटली नाही तरच 3.3. सायट्रेट स्वतःच ट्रान्झिशन खाली ओढतं, म्हणून सल्फेट 0.1 मोलरपासून 0.02 ने वाढवत न्या, गढूळ दिसताच थांबा. 25 अंशाचं वॉटर बाथ, रोटरही आधीच 25 वर. गार रोटरमध्ये साका परत विरघळतो. स्पिन संपताच वरचं द्रव ट्रिसमध्ये, ट्यूब हलवत.

मोजपट्टी: एक भर. 280 नॅनोमीटरच्या शोषण रीडिंगवर शुद्ध अँटीबॉडीत उरलेलं ईएलपी-झेड शोधू नका. हे रीडिंग देणाऱ्या अमिनो आम्लांपैकी त्यात ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन झेडमधलं एकच. कूमासी हा नेहमीचा जेल-रंगही नीट धरत नाही. जेल कॉपर क्लोराईडने रंगवा. ईएलपी विरळ झालं की ट्रान्झिशन वर सरकतं, त्यामुळे शेवटचा अंश द्रावणातच राहतो. औषधासाठी हवं असेल तर झेडचा एलायझा (उरलेलं झेड मोजायला) आणि एसईसी (आकारानुसार वेगळं करून गोळे पाहायला) दोन्ही लावा.