विषय: कोल्हापुरात बाबांची देखभाल, मराठीत माहिती हवी

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात बाबांना (वय 76) अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी, बोलणं जवळजवळ बंद. आता राजारामपुरीत घरी आणलंय. आई आणि दिवसभराच्या एक मावशी, एवढंच मनुष्यबळ. मला पुढच्या आठवड्यात परत परदेशी निघावं लागेल. दवाखान्यातून मिळालेल्या सूचना सगळ्या इंग्रजीत आहेत. आईला आणि मावशींना कळेल असं मराठीत काही आहे का?

– राजारामपुरीकर

---

उत्तर:

घाईत लिहितोय. 108 रुग्णवाहिकेचा. 14567 ज्येष्ठांच्या सरकारी हेल्पलाइनचा, सकाळी 8 ते रात्री 8. दोन्ही इकडून, परदेशातून, लावून पाहिले, लागत नाहीत, तेव्हा शेजारच्यांच्या फोनमध्येच घालून ठेवा. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बदललं, तर आधी घड्याळ बघायला सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि "त्रास कधी सुरू झाला?" हा पहिला प्रश्न असतो.

– एक वाशीकर (पण सासुरवाडी शाहूपुरी!)

---

उत्तर:

राजारामपुरीकर दादा,

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या वेळी मीही हेच शोधत होते. रात्री जागून चाळीस पानांची एक पीडीएफ मराठीत केली आणि मंगळवार पेठेत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. तिथल्या मावशी म्हणाल्या, "ताई, वाचतो की मी, पण म्हातारीला उठवायचं कसं त्ये एकदा दावा." पीडीएफमध्ये चित्र होतं हो, बाणांसकट. पण चित्रातला पलंग दवाखान्याचा, खालीवर होणारा. आमचा शिसवी, भिंतीला चिकटलेला.

शेवटी फिजिओथेरपिस्टना घरी बोलावलं. त्यांनी करून दाखवायचं नाही, मावशींच्या हातून करून घ्यायचं, असं आधीच ठरवलं. दिरांनी शूटिंग केलं. तीन मिनिटांचा व्हिडिओ, त्यात आमचाच पलंग, आमचीच खुर्ची. उठवताना लुळा हात ओढायचा नाही, खांदा निसटतो. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची. बदलीची बाई आली की अजूनही आधी तोच व्हिडिओ दाखवतात. तुम्ही तिथं आहात तोवर एवढं एक कराच.

बाकीचं जाड मार्करने लिहून कॅलेंडरशेजारी चिकटवलं होतं. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. दर दोन तासांनी कूस. पडून राहून जखमा होतात, म्हणून रोज टाचा, माकडहाड, खुबे बघायचे. लाल दिसलं तर बोटानं दाबायचं. पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर तिथला भार काढून लक्ष ठेवायचं, दाबूनही लालच राहिलं तर डॉक्टरांना फोन. आणि त्या जागी तेल चोळायचं नाही. या एका ओळीवरून घरात दोन दिवस वाद झाला. तेलानं बरं होत नाही असं काही असतं, हे आमच्या आत्याबाईंना अजून मान्य नाही.

खाण्याचं मात्र नीट वाचा. सासूबाईंना पांढरा रस्सा हवा होता. नणंदेनं मायेनं वाटीभर आणला आणि दुसऱ्याच चमच्याला असा ठसका लागला की ओठ निळे पडले. आम्ही समजत होतो पातळ म्हणजे सोपं. उलट असतं. गिळण्याची क्रिया मंदावलेली असते, पातळ पदार्थ त्याआधीच घशातून घसरून श्वासनलिकेत जातो. पाणी, चहा, रस्सा सगळ्यात अवघड. ही तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, नावात नुसतं बोलणं असलं तरी. किती घट्ट द्यायचं ते त्यांनीच ठरवायचं. ताठ बसवून, लहान चमचा, एक घास गिळल्यावरच दुसरा, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

आईंकडेही बघा. त्या स्वतःहून काही सांगणार नाहीत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास असतो, मराठीतही बोलतात.

– मंगळवार पेठेची सून

---

उत्तर:

मी निवृत्त शिक्षक, म्हणून आगाऊपणा करतो. बोलण्याच्या सरावासाठी मोठ्या माणसापुढे पहिलीचं पुस्तक ठेवलं तर ते भिरकावतील. नातवाला मराठी शिकवायचंय असं म्हणा. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकं फुकट उतरवता येतात, 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चित्रांच्या मराठी गोष्टी आहेत. व्हिडिओ कॉलवर दोघांसमोर एकच पान ठेवा. नातू चित्र दाखवेल, आजोबांनी नाव सांगायचं. चुकलं तरी पोराला कळत नाही, हा मोठाच फायदा! आणि वहिनींना, म्हणजे तुमच्या आईंना, आठवड्यातून एकदा करवीर नगर वाचन मंदिरात पाठवा. 1850 पासूनचं आहे ते, पुस्तक बदलायला तासभर गेल्या तर घर काही बुडत नाही.

– गुरुजी

---

उत्तर:

सगळ्यांचे आभार. व्हिडिओ झाला, चार मिनिटांचा. मध्ये एकदा मांजर येतं. कागद लावलाय, "तेल नाही" खाली आईनं स्वतः दोन रेघा मारल्या.

स्पीच थेरपिस्ट काल येऊन गेल्या. आज त्यांनी दिलेली पावडर घालून पहिल्यांदा घट्ट चहा केला. बाबांनी कपात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्पष्ट म्हणाले, "खळ."

घरी आणल्यापासूनचा पहिला पुरा शब्द. चहा मात्र अर्धाच प्यायले.

– राजारामपुरीकर