गाडी विकली, पण चलन अजून माझ्याच नावावर

डिचोलीहून विचारते. बाबा चालवायचे ती अल्टो चवथीआधी फोंड्याच्या एका माणसाला विकली. पैसे रोख मिळाले, पावती साध्या कागदावर. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, माझ्या नावावर, ती बदललीच नाही. काल पर्वरीचं वेगाचं चलन मोबाईलवर आलं. फोटोत मागच्या काचेवर आईने चिकटवलेला मंगेशीचा स्टिकर तसाच आहे. तो माणूस फोन उचलत नाही. रात्रभर झोप नाही. काय करू?

– ताई, दंडापेक्षा अपघाताची धास्ती घ्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. उद्या त्याने कुणाला उडवलं तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९, म्हणजे गाडी विकल्याची सूचना, आरटीओत द्यायचा असतो. मुदत गेली असली तरी द्याच, आणि पोच घ्या.

– विम्याची तारीख आधी बघा! संपला असेल तर जास्तच घाई करा. पोलिसांतही लेखी कळवा, ताबा कधी दिला ते तारीख-वेळेसकट.

– पावतीवर तारीख आहे, वेळ नाही. विमा मार्चपर्यंत आहे, देव पावला. उद्या सकाळीच आरटीओत जाते, पावतीची झेरॉक्स घेऊन.