आजोबांच्या लग्नातली ही गाडी नेमकी कुठली? फोटो बघून सांगा

सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. आजोबांच्या लग्नाचा फोटो सापडलाय, 1956 चा, आमच्या सोलापूरच्या घरासमोरचा. मागे जी गाडी आहे ती आजोबांच्या मामांची. बाबा म्हणतात फियाट असणार, आत्याआजी म्हणते छे, डॉज, आम्ही सगळे डॉजच म्हणायचो. फोटो बाजूने काढलाय आणि जाळीच्या पुढ्यात दोन पोरं उभी, त्यामुळे तोंड दिसतच नाही. समोरची काच दोन तुकड्यांची आहे, मधे पट्टी. मागचं मडगार्ड फुगीर, बॉडीपासून वेगळं उठून दिसतंय. बॉनेटच्या टोकाला काहीतरी चकाकतंय. नंबरप्लेटवर फक्त 'बीएम' वाचता येतं. आजोबा यावर्षी गेले, आज्जीसाठी फोटो मोठा करून फ्रेम करतोय आणि खाली गाडीचं नाव लिहायचंय, चुकीचं नको म्हणून विचारतोय.

जुनी_चाकं:
फियाट नक्की नाही. आपल्याकडची फियाट 1100 म्हणजे 1954 नंतरची, तिची समोरची काच एक अखंड, आणि गाडी केवढीशी. फोटोत दाराशी उभे आहेत त्या गृहस्थांच्या मानाने बघा, बॉनेटच केवढं लांब आहे. ही अमेरिकन आहे, क्रायसलर कंपनीच्या घरातली. बीएम म्हणजे मुंबई राज्याचा नंबर, सोलापूर तेव्हा त्यातच होतं, तेही जुळतं. आणि या गाड्या तेव्हा कुर्ल्याला प्रीमियरमध्ये जोडल्या जायच्या, ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद तुमच्या सोलापूरचेच की!

गॅरेजवाला_कोल्हापूर:
क्रायसलरची हे बरोबर पण पुढची गंमत अशी की प्लिमथ सेव्हॉय, डॉज किंग्सवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या तिन्ही मुळात प्लिमथच्याच बॉडीवरच्या. दारं, टप, काचा सगळं सारखं, फरक जाळीत, चिन्हात आणि पट्ट्यांत. बाजूच्या फोटोवरून भले भले फसतात. डिसोटो असेल तर जाळीला जाडजूड उभे दात असतात, पण तुमची पोरं नेमकी तिथेच उभी. म्हणून बॉनेटवरचं चिन्ह बघा. डॉज असेल तर शिंगांचा मेंढा, प्लिमथ असेल तर शिडाचं जहाज. मोबाईलने काढलेल्या फोटोवर ते कळणार नाही, मूळ फोटो अल्बममधून सोडवून 1200 डीपीआयला स्कॅन करा आणि फक्त तेवढा तुकडा टाका. चाकाची वाटी पण टाका, त्यावर कधीकधी नाव वाचता येतं.

सोलापूरकर:
स्कॅन केलं. मेंढा नाहीच, शिंगं कुठेच नाहीत. मागे निमुळतं होत गेलेलं काहीतरी आहे, मला तरी जहाजासारखं वाटतंय, वर शिडं. चाकाची वाटी चमकून पांढरीफट्ट झालीये. पण मग आत्याआजी डॉज का म्हणते? ती असं उगाच बोलणाऱ्यातली नाही.

गॅरेजवाला_कोल्हापूर:
जहाजच आहे ते, मेफ्लॉवर नावाचं. म्हणजे प्लिमथ. आणि आत्याआजींना खोटं पाडू नका, बॉडी एकच, इंजिन पण तेच साइड व्हॉल्व्हचं सहा सिलिंडरवालं, त्यामुळे मिस्त्री लोक सरसकट डॉजच म्हणायचे आणि पार्ट पण डॉजचे म्हणूनच मागवायचे. आमच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये तिन्ही गाड्यांना एकच नाव होतं. सालाचं म्हणाल तर मधे पट्टीवाली काच आणि वेगळं फुगीर मडगार्ड म्हणजे 1952 पर्यंतची, कारण 53 पासून काच अखंड आली आणि मागचं मडगार्ड बॉडीत मिसळलं. सेव्हॉय, केंब्रिज का प्लिमथचं अजून कुठलं मॉडेल ते या फोटोवरून सांगणं बरोबर होणार नाही.

जुनी_चाकं:
फक्त एक शंका, बॉनेटवरची चिन्हं लोक एका गाडीची काढून दुसरीला लावायचे. घरातल्या कुणाला ते जहाज आठवतंय का विचाराल का? तेवढं जुळलं तर मला शंका राहणार नाही.

सोलापूरकर:
आत्ताच आत्याआजीला फोन केला. मी जहाज वगैरे काही बोललोच नाही, नुसतं विचारलं की त्या डॉजच्या बॉनेटवर काय होतं गं. लगेच म्हणाली, "होडी! मामा आले की मी ती फ्रॉकने पुसायचे, तोंड दिसायचं तिच्यात." फोटोखाली 'प्लिमथ' लिहितोय. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'घरातली डॉज'.