भाषांतर होईल हो, पण कागदाचं काय?
दहा वर्षांत फोनच सगळं भाषांतर करील आणि सीमाभागातला भाषेचा वाद आपोआप मिटेल, हे तुमचं भाकीत मला अर्धंच पटलं. कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापुरात मी आजही कन्नड पहाणीवर (म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर) फोनचा कॅमेरा धरतो, बरंचसं कळतं. गुंठे-आणे मात्र हमखास घोळतात! कर्नाटक सरकारच्या 'भूमी' योजनेत उतारे संगणकावर आले, हेलपाटे कमी झाले. भाषा तीच राहिली. आणि प्रश्न समजण्याचा होता कधी? बाजारात आमची मराठी माणसं फाडफाड कन्नड बोलतात. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यायचे, हे केव्हाच ठरलंय. मला भीती वेगळीच वाटते. उद्या साहेब म्हणतील, "फोन आहे ना हातात? मग मराठी कागद कशाला?"