हे आजचं नाही

ज्यू स्त्रिया पॅलेस्टिनींच्या बाजूने आत्ता कुठे बोलू लागल्यात, असं म्हटलं जातं. ते मला पटत नाही. पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली कब्ज्याविरुद्धचा पॅलेस्टिनींचा उठाव, सुरू झाल्यावर महिन्याभरातच, जानेवारी 1988 मध्ये, जेरुसलेममध्ये काही इस्रायली बायका काळे कपडे घालून चौकात उभ्या राहू लागल्या. दर शुक्रवारी, तासभर. हातातल्या फलकावर एवढंच: ‘कब्जा थांबवा’. येणारेजाणारे शिव्या घालायचे, त्यात बाई म्हणून घाणेरडं बोलणंही आलं. त्या उत्तर न देता उभ्या राहायच्या. 2001 पासून ‘महसोम वॉच’ या इस्रायली स्त्रियांच्या गटातल्या बायका इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेतल्या लष्करी नाक्यांवर जाऊन तिथं काय चालतं ते नोंदवू लागल्या.

आणि व्हिव्हियन सिल्व्हर, इस्रायली शांतता कार्यकर्ती. गाझातल्या आजाऱ्यांना स्वतःच्या गाडीतून इस्रायली रुग्णालयात पोचवणारी. 4 ऑक्टोबर 2023 ला इस्रायली आणि पॅलेस्टिनी स्त्रियांचा एकत्र शांतिमेळावा झाला, त्याच्या तयारीत ती होती. तीनच दिवसांनी गाझाजवळच्या बेएरी किबुत्झमधल्या (सामूहिक वसाहतीतल्या) घरात हमासच्या हल्ल्यात ती मारली गेली. वय 74. हे लिहिताना आजही गलबलून येतं. तिचा मुलगा योनातान सूड मागत नाही, नोकरी सोडून तो आईच्याच कामाला लागलाय.